बार्लो भिंग : खोक्यावरचा आकडा आणि खरा उपयोग

60 मि.मी. व्यासाची लहान दुर्बीण आता तालुक्याच्या गावीही मागवता येते. तिच्या खोक्यावर पुष्कळदा '525 पट' असा ठळक आकडा छापलेला असतो. आईवडील पोटाला चिमटा घेऊन पैसे देतात. मूल पहिल्याच रात्री सर्वांत मोठा आकडा लावून पाहते आणि दिसतो तो एक अंधुक, थरथरणारा ठिपका. मग दुर्बीण माळ्यावर जाते आणि तिच्याबरोबर खगोलाची आवडही जाते. म्हणून हा 525 आकडा येतो कुठून, ते आधी पाहू.

दुर्बिणीचे विशालन काढणे सोपे आहे. समोरच्या मोठ्या भिंगाचे, म्हणजे पदार्थभिंगाचे नाभीय अंतर घ्यावे आणि त्याला डोळ्याजवळच्या नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागावे. या प्रकारच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर बहुधा 700 मि.मी. असते. 20 मि.मी.ची नेत्रिका लावली तर 35 पट, 4 मि.मी.ची लावली तर 175 पट. त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की 175 गुणिले 3 बरोबर 525. गणितात खोट नाही. खोट आहे ती उपयोगात.

बार्लो भिंग हे अंतर्वक्र असते. पदार्थभिंगातून आलेले किरण नाभीशी एकत्र येण्याआधीच ते त्यांच्या वाटेत उभे राहते आणि त्यांना थोडे उशिरा एकत्र येऊ देते. त्यामुळे मूळ दुर्बिणीचे नाभीय अंतर दुप्पट किंवा तिप्पट असल्यासारखे होते, नळी मात्र थोडीच लांबते. इंग्लंडमध्ये वुलिच येथील लष्करी अकादमीत गणित शिकवणारे पीटर बार्लो (1776-1862) यांचे नाव त्याला मिळाले. 1830 नंतरच्या दशकात त्यांच्या कल्पनेवरून जॉर्ज डॉलंड या कसबी कारागिराने असे भिंग घडवले. बार्लो हे मुख्यतः स्वतःच्या अभ्यासावर गणिती झालेले गृहस्थ होते, हे आपल्या मुलांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

आता मर्यादा. पदार्थभिंगाचा व्यास जितके मि.मी., त्याच्या दुप्पट पटीपर्यंतचे विशालन कामाचे, असा ठोकताळा आहे. 60 मि.मी.ला 120 पट. बारीक तपशील सुटा दाखवण्याची शक्ती व्यासावर ठरते. 60 मि.मी.चे भिंग सुमारे 2 विकलांहून जवळ असलेले तारे वेगळे दाखवू शकत नाही (अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक विकला). बार्लो नवा तपशील आणत नाही, आलेलाच मोठा करते. पासबुकात आकडा मोठा लिहिला म्हणून खात्यातली शिल्लक वाढत नाही, तसाच हा प्रकार. उलट दुप्पट केलेली प्रतिमा चौपट जागेत पसरते, म्हणून तिची तेजस्विता चौथ्या हिश्शावर येते. तिप्पट केली तर नवव्या हिश्शावर. शिवाय पृथ्वी फिरत असते. सर्वसाधारण नेत्रिकेतून 35 पटीला तारा साडेचार मिनिटे दिसत राहतो, 525 पटीला जेमतेम 18 सेकंद. तेवढ्यात रांगेतल्या चार मुलांनी पाहायचे काय?

म्हणून बार्लो घ्यायचेच तर दुप्पट करणारे, दोन काचा जोडून बनवलेले घ्यावे. प्लॅस्टिकचे नको. जवळ 20 आणि 10 मि.मी.च्या नेत्रिका असतील तर 35, 70, पुन्हा 70 आणि 140 असे आकडे येतात, एक वाया जातो. 20 आणि 12.5 मि.मी.ची जोडी असेल तर 35, 56, 70 आणि 112, म्हणजे चार निरनिराळी विशालने मिळतात आणि सगळी मर्यादेच्या आत. नळीचे माप जुळते ना, हेही पाहावे. जुन्या दुर्बिणींना 0.965 इंची नेत्रिका लागते, नव्यांना 1.25 इंची. पुण्यात शिकायला असणाऱ्या मुलांनी 1944 साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला जाऊन आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहावे, मग पैसे घालावेत.

वापरताना आधी 20 मि.मी.ची नेत्रिका एकटी लावून ग्रह शोधावा आणि बरोबर मध्यावर आणावा. नंतर नळीला धक्का न लावता बार्लो बसवून त्यात नेत्रिका घालावी आणि प्रतिमा पुन्हा स्पष्ट करून घ्यावी. काटकोनी आरसा वापरत असाल तर बार्लो शक्यतो आरशाच्या नंतर, नेत्रिकेच्या बाजूला असावे. आरशाच्या आधी घातले तर बार्लो आणि नेत्रिका यांतले अंतर वाढते आणि 'दुप्पट' भिंग त्याहून जास्त विशालन देऊ लागते.

आपल्या खान्देशात आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात स्लॅबची गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असते आणि वरची हवा उकळल्यासारखी हलते. तिथे बार्लो लावले की हवेची थरथरही दुप्पट दिसते. लासूर-अडावदकडे एखाद्या मोकळ्या शेतात, हिवाळ्यातल्या वारा नसलेल्या रात्री पाहावे. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी. ग्रह क्षितिजाजवळ असेल तर वर येईपर्यंत थांबावे.

काय पाहावे? गुरूचे बिंब साधारण 45 विकलांचे असताना 40 पटीला ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढे होते. 70 पटीला त्याचे दोन पट्टे धीराने पाहणाऱ्याला दिसतात. शनीची कडी मार्च 2025 मध्ये आपल्याला कडेवरून, म्हणजे जवळजवळ रेघेसारखी होती. ती 2032 पर्यंत उघडत जाणार आहेत, तेव्हा विद्यार्थ्यांना ही वर्षे उत्तम. पुनर्वसूतील कॅस्टर हा तारा 35 पटीला एकच किंवा चिकटलेला वाटतो, बार्लो लावून 112 पटीला त्याचे दोन तारे सुटे दिसतात. कृत्तिका आणि मृगातील तेजोमेघ पाहताना मात्र बार्लो काढून ठेवावे. कृत्तिका त्यात मावत नाहीत आणि तेजोमेघ फिका पडतो.

सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. नेत्रिकेला लावायची काळी काच खोक्यात असेल तर ती फेकून द्यावी. उष्णतेने ती तडकली तर डोळा कायमचा जातो.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. औषधाच्या बाटलीत येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून बार्लो आणि नेत्रिका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. धूळ बसली तर रुमालाने घासू नये, रबरी फुग्याने हवा मारून उडवावी.