‘कसं’ आणि ‘कशासाठी’

आपल्या चार वर्षांच्या सिलॅबसमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : हे कसं करायचं? कमी खर्चात, कमी वेळात, जास्त एफिशियन्सीने कसं करायचं? पण कशासाठी करायचं, हे कुठल्याच पेपरला विचारत नाहीत. याच प्रश्नाच्या मागे लागलेली एक विचारधारा आहे. तिचं नाव क्रिटिकल थिअरी, म्हणजे चिकित्सक सिद्धान्त.

१९२३ साली जर्मनीत फ्रँकफर्ट इथे सामाजिक संशोधनाची एक संस्था स्थापन झाली. १९३० मध्ये मॅक्स होर्कहायमर तिचे संचालक झाले. १९३३ मध्ये नाझींनी संस्थेला टाळं ठोकलं. तिथले बहुतेक विचारवंत ज्यू आणि डाव्या विचारांचे, त्यामुळे देश सोडावा लागला. जिनिव्हामार्गे संस्था न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेली.

१९३७ च्या एका लेखात होर्कहायमर यांनी फरक मांडला. पारंपरिक सिद्धान्त जग जसं आहे तसं समजावतो. चिकित्सक सिद्धान्त विचारतो, हे असं का आहे, यात फायदा कोणाचा, आणि माणूस यातून मोकळा कसा होईल?

पुढे त्यांनी थिओडोर अडॉर्नोबरोबर एक पुस्तक लिहिलं, ते १९४७ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलं गेलं. त्यांचा सवाल सरळ होता. बुद्धी माणसाला भीतीतून सोडवणार होती ना, मग इतक्या शिकलेल्या देशात असा रानटीपणा आला कुठून? त्यांच्या मते बुद्धी नुसतं हत्यार झाली होती. ती हिशोब चोख करते, पण हेतू तपासत नाही.

याचं एक उदाहरण आपल्याच फील्डमधलं आहे. एर्फुर्टच्या टॉप्फ अँड सन्स कंपनीने ऑशविट्झ छळछावणीतल्या प्रेतं जाळायच्या भट्ट्या बनवल्या. १९४२ मध्ये तिच्या एका इंजिनिअरने न थांबता चालणाऱ्या भट्टीच्या पेटंटसाठी अर्जही केला! डिझाइन म्हणून त्याचं काम व्यवस्थितच असेल.

मग बुद्धीवरचा विश्वासच सोडायचा का? पुढच्या पिढीतले युर्गेन हाबरमास म्हणाले, नाही. १९८१ च्या ग्रंथात त्यांनी मांडलं की बुद्धी फक्त हिशोबात नसते, ती संवादातही असते. जिथे दबाव नाही, सगळ्यांना बोलता येतं आणि पद नव्हे तर मुद्दा जिंकतो, तिथे ‘कशासाठी’चं उत्तर मिळून शोधता येतं.

म्हणून यंदाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘ऑब्जेक्टिव्ह’चं पान सीनियरच्या फाइलमधून उतरवण्याआधी ग्रुपमध्ये एवढंच विचारूया : हे कोणासाठी, आणि याची किंमत कोण मोजणार? मार्क्स वाढणार नाहीत कदाचित. पण उद्या आपल्या सहीने कुठलं ड्रॉइंग पुढे जातंय, हे तरी आपल्याला माहीत असेल. बघा, पटतंय का!