मला बोलता येत नाही, तरी मीच का?

प्रश्न : मी गारखेड्यात, सूतगिरणी चौकाच्या बाजूला राहते. शिक्षण दहावीपर्यंत, तेही अर्धवट. आमच्या मंडळीतल्या बायकांची बुधवारची प्रार्थनासभा ज्या मावशी चालवायच्या, त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. आता ती सभा मी चालवावी असं पाळकसाहेब म्हणतात. रात्री प्रार्थनेला बसले की ‘हे तूच कर’ असं आतून सारखं वाटतं, आणि सकाळी वाटतं, माझी काय लायकी? चार माणसांत उभी राहिले की तोंडातून शब्द फुटत नाही. हे देवाचं पाचारण आहे की माझ्या मनाचे खेळ? (एक भगिनी, गारखेडा)

उत्तर : ताई, मनाचे खेळ चार दिवसांत विरतात. तुमच्या बाबतीत आतून वाटणं टिकून आहे, बाहेरून पाळकांनीही तेच म्हटलं आहे, आणि सभा खरोखरच अडली आहे. तीनही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर मी त्याला पाचारणच म्हणेन.

राहिला लायकीचा प्रश्न. आधी लायकी आणि मग बोलावणं, असा क्रम पवित्र शास्त्रात क्वचितच दिसतो. गिदोन मिद्यानी लोकांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. आमोस गुरंमेंढरं राखणारा. पौल तेवढा गमलियेलाच्या पायांशी शिकलेला, पण त्यानेही पुढे त्या मोठेपणाचं मोल शून्य धरलं. तुमच्या सगळ्यांत जवळचा मात्र मोशे. त्याच्या सबबी सावकाश वाचा. लोक माझं ऐकणार नाहीत, मी जड जिभेचा, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. देव रागावला, पण रागावूनही त्याने अहरोनाला जोडीला दिलं. मोशेची जीभ काही बदलून दिली नाही! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. उणीव तशीच राहिली आणि काम झालं.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण हवं तर लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढली. शाळा नाही, लिहिणंवाचणं जे आलं ते लग्नानंतर, नवऱ्याने शिकवलं तेवढं. १८९५ मध्ये पती रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधली पाच वर्षं रडण्याची, भांडण्याची, विचार करण्याची होती. घाईघाईने ‘हो’ म्हणणारी ही बाई नव्हती, हे ध्यानात ठेवा.

१९१९ मध्ये टिळक गेले. येशूच्या चरित्रावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-साडेदहा अध्यायांवर थांबलेलं. महाराष्ट्रात तेव्हा पंडित कमी नव्हते, पण ते काम पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. एक ना दोन, त्यांनी आणखी ६४ अध्याय लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईने! पहिला अध्याय हातात घेताना त्या लायक होत्या का? रूढ अर्थाने मुळीच नव्हत्या. लिहिता लिहिता झाल्या. आणि ज्या बोलीत त्या घरात बोलायच्या, त्याच बोलीतली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणली जातात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. पाचारण म्हणजे न शिकण्याची मुभा नव्हे. तुमच्याच गारखेड्यातलं हेडगेवार रुग्णालय १९८९ साली सुरू केलं ते तरुण डॉक्टरांनी. रोग्याला औषध द्यायला पदवी लागतेच. सभेतली एखादी बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल किंवा जीव द्यावासा वाटतो असं बोलली, तर नुसत्या प्रार्थनेवर भागवू नका. तिच्यासोबत डॉक्टरांकडे, पोलिसांकडे, समुपदेशकाकडे जा. पण तिचं ऐकून घ्यायला, तिच्याजवळ बसायला, एक अध्याय वाचून दाखवायला तुमचं शिक्षण पुरेसं आहे. ज्यांना शब्द सहज सापडत नाहीत, त्यांना दुसऱ्याचं अडखळणं लवकर कळतं. सभेला येणाऱ्या कितीतरी बायका तुमच्यासारख्याच गप्प बसणाऱ्या असतील.

तेव्हा पाळकसाहेबांना ‘हो’ कळवा, आणि सोबत एक मागणी करा: पहिले दोन-तीन महिने मंडळीतली एखादी अनुभवी बाई जोडीला द्या. अहरोन मागण्यात कमीपणा नाही. पहिल्या बुधवारी प्रवचन करूच नका. निर्गमचा चौथा अध्याय आळीपाळीने वाचायला द्या, मग प्रत्येकीला विचारा की तिने देवाला आजवर कोणती सबब सांगितली. सुरुवात स्वतःपासून करा. बोलायचं ते वहीत लिहून न्या आणि वहीत बघून वाचा.