तृणधान्यांचे फुटवे : प्रकाश व अन्नद्रव्ये यांचा परिणाम

भाताची लावणी होऊन रोप जमिनीत स्थिर झाले, की त्याच्या बुडाशी नव्या काड्या दिसू लागतात. यांनाच फुटवे म्हणतात. पुढे ज्या काड्यांवर लोंबी यावयाची, त्यांपैकी बहुतेक या फुटव्यांतूनच तयार होतात. त्यामुळे जितके फुटवे अधिक तितके पीक अधिक, असा समज दृढ झालेला आहे. हा समज अर्धाच खरा आहे. पुष्कळ खाचरांत श्रावणात फुटव्यांची दाटी दिसते; कापणीच्या वेळी मात्र चुडातील काही काड्या लोंबीवाचूनच सुकून गेलेल्या आढळतात. अशा काडीने घेतलेल्या अन्नाचा काही अंश मरताना इतर काड्यांना परत मिळतो. परंतु तिने अडविलेला प्रकाश व जागा परत मिळत नाही.

फुटव्याचा उगम पानाच्या बगलेतील डोळ्यातून होतो. मुख्य काडीच्या बुडाशी, जमिनीलगत, प्रत्येक पानाच्या बगलेत असा एक डोळा असतो. पाने व फुटवे ठराविक क्रमाने चालतात, हे जपानी शास्त्रज्ञ कातायामा यांनी १९५१ मध्ये मांडले. मुख्य काडीवर सहावे पान बाहेर पडते, त्या सुमारास तिसऱ्या पानाच्या बगलेतील फुटवा डोके वर काढतो, सातव्याबरोबर चौथ्याचा. डोळा तयार होणे वेगळे व तो फुटणे वेगळे. आपल्या वेळी जो डोळा फुटला नाही, तो बहुधा निद्रिस्तच राहतो. दाट पेरलेल्या रोपवाटिकेत रोपे फार दिवस राहिली, तर खालचे डोळे तेथेच वाया जातात. लावणी खोल झाली तरी तोच परिणाम होतो. ही हानी पुढे कितीही खत घातले तरी पूर्णपणे भरून निघत नाही.

डोळा फुटावा की नाही, हे ठरविण्यात प्रकाशाचा वाटा मोठा आहे. पाने साखर तयार करतात व त्या साखरेवर फुटवा वाढतो, हे उघड आहे. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आकाश दिवसच्या दिवस झाकोळलेले असते. वायंगणी भातास मिळणारे स्वच्छ ऊन खरिपाच्या भातास लाभत नाही. परंतु प्रकाशाचे प्रमाण एवढीच बाब नाही. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते. त्याच्या पलीकडचा, मनुष्याच्या डोळ्यास जवळजवळ न दिसणारा दूर-तांबडा प्रकाश मात्र ते परतवते किंवा आरपार जाऊ देते. उघड्या उन्हात तांबडा प्रकाश दूर-तांबड्यापेक्षा किंचित अधिक असतो. दाट पानांखाली हे प्रमाण अगदी उलटते. वनस्पतीतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हा फरक ओळखते. गहू व ज्वारी यांवरील प्रयोगांत असे दिसून आले आहे की, दूर-तांबडा प्रकाश वाढला की डोळे फुटण्याचे थांबतात. विशेष म्हणजे शेजारच्या रोपाची सावली प्रत्यक्ष पडण्यापूर्वीच, त्याच्या पानांवरून परतलेल्या प्रकाशामुळे रोपास शेजाऱ्याची चाहूल लागते.

अन्नद्रव्यांपैकी नत्र हे फुटव्यांचे प्रमुख खाद्य होय. नत्र अपुरे पडले की डोळे मिटलेलेच राहतात. स्फुरदाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. स्फुरद कमी पडले की मुळे स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात तयार करतात. जमिनीतील ज्या बुरशा पिकास स्फुरद पुरवितात, त्यांना साद घालण्याचे काम हे द्रव्य करते. तेच द्रव्य खोडातील डोळ्यांना फुटण्यापासून रोखते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. या वर्गातील पहिले द्रव्य १९६६ मध्येच कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे करण्यात आले होते. परंतु तेव्हा त्याचे महत्त्व निराळ्या कारणासाठी होते. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचे बी याच द्रव्याच्या खुणेने उगवते. स्फुरदाने उपाशी असलेल्या ज्वारीत फुटवे कमी व टारफुल्यास आमंत्रण अधिक, अशी ही दुहेरी हानी आहे. भातात जस्ताच्या कमतरतेनेही फुटवे घटतात.

मग नत्र भरपूर द्यावे काय? येथेच बहुतेकांची फसगत होते. फुटव्यांचा काळ संपत आल्यावर दिलेल्या युरियाच्या मोठ्या हप्त्याने पीक काळेभोर हिरवे दिसते व मनास समाधान वाटते. तथापि त्या वेळी निघालेला फुटवा मुख्य काडीच्या फार मागे असतो. त्याला स्वतःची मुळे व पाने पुरेशी येण्यापूर्वीच पीक पोटरीवर येते, वरची पाने त्याचा प्रकाश अडवितात आणि तो मरतो. वाचलाच तर त्याची लोंबी लहान राहून दाणे पोचट निघतात. पीक लोळण्याचा व रोगराईचा धोका वाढतो तो निराळाच.

याउलट टोकही चुकीचे ठरले आहे. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये प्रसृत केलेला आयआर-८ हा बुटका वाण भरपूर फुटव्यांचा होता. पुढे १९९० च्या सुमारास त्याच संस्थेने थोडे फुटवे, पण प्रत्येकावर मोठी लोंबी, असे वाण घडविण्यास घेतले. आरंभीच्या वाणांत दाणे नीट भरले नाहीत व अपेक्षित उत्पादन मिळाले नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की, फुटवे लवकर यावेत व उशिराचे थांबावेत. रोपे तीन आठवड्यांच्या सुमारास उपटावीत व उथळ, दोन ते तीन सेंटिमीटर खोल लावावीत. चुडात दोन-तीनच रोपे असावीत. फुटव्यांच्या काळात खाचरात पाणी दोन ते पाच सेंटिमीटरच ठेवावे. महाराष्ट्रात प्रचारात आलेल्या चारसूत्री पद्धतीत १५ व २५ सेंटिमीटर अंतरे आलटून पालटून ठेवतात व चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. हेक्टरी अशा ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत लागते. प्रत्येक चुडास एका बाजूने मोकळा प्रकाश मिळतो व नत्र मुळाशी हळूहळू उपलब्ध होते. गव्हात पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी व नत्र चुकल्यास फुटवे कमी येतात. उशिरा पेरलेल्या गव्हास फुटव्यांसाठी दिवसच कमी मिळतात, म्हणून तेथे बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हे सर्व शेतकऱ्यास तोंडी सांगण्यापेक्षा त्याच्याच खाचरात दाखवावे. बांधापासून आत जाऊन दहा चुडांना सुतळी बांधावी. लावणीनंतर चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्यास त्यांतील काड्या मोजून वहीत लिहाव्यात व कापणीपूर्वी त्याच चुडांतील लोंब्या मोजाव्यात. सर्वांत मोठा आकडा व लोंब्यांचा आकडा शेतकऱ्यासमोर शेजारी शेजारी ठेवावे आणि युरियाचा कोणता हप्ता कोणत्या आठवड्यात पडला, हे त्याच्याच तोंडून विचारून घ्यावे.