सर्व्हरची वही व क्रमांकाची चिठ्ठी

वारासिवनीच्या धानबाजारात ज्यांची हयात गेली, त्या आम्ही संगणकाविषयी लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या हंगामातील एका प्रसंगाने आम्हांस मिळालेला धडा व्यापारी बांधवांच्या उपयोगाचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

एका संकेतस्थळावर मालाचा तपशील भरीत असता दारी धानाचा ट्रक आला. वजन करवून तासाभराने परतलो, तो पडद्यावर पुन्हा नाव व परवलीचा शब्द मागितलेला आणि भरलेल्या ओळी नाहीशा! आम्ही यंत्रास बोल लावला. नातवाने मात्र त्यामागील हिशेब उलगडून सांगितला.

संकेतस्थळ ज्या दूरच्या संगणकावरून चालते, त्यास सर्व्हर म्हणतात. आपला ब्राउझर त्याच्याशी ज्या रीतीने बोलतो, तीत प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. मागची ओळख पुढे राहत नाही. जणू दर सौद्यास गादीवर नवा मुनीम! यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी 'कुकी' नामक चिठ्ठीची तोड काढली. आपण प्रवेश करताच सर्व्हर आपल्या नावाची एक वही उघडतो. तिला 'सेशन' म्हणतात. वही त्याच्यापाशीच राहते. तिचा क्रमांक तेवढा चिठ्ठीवर येतो. पुढील प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझर ती चिठ्ठी दाखवितो व सर्व्हर वही काढतो.

सर्व मजकूर चिठ्ठीवरच का लिहू नये? कारण ग्राहकाच्या हातच्या कागदावर खाडाखोड होऊ शकते. क्रमांकही १, २, ३ असा ओळीने देत नाहीत. नाहीतर कोणीही शेजाऱ्याचा क्रमांक ताडून त्याची वही मागेल. अनेक सर्व्हर असल्यास वह्या सामाईक जागी ठेवतात. एरवी दुसरा मुनीम आपणांस ओळखणार नाही.

चिठ्ठी ज्याच्या हाती, त्यालाच सर्व्हर मालक समजतो. म्हणून काही वेळ हालचाल न दिसल्यास तो वही मिटवितो. आमच्या ओळी गेल्या, त्या जतन न केल्यामुळे. परंतु वही मिटेपर्यंत आमच्या खुर्चीवर बसणारा कोणीही आमच्या नावाने व्यवहार करू शकला असता, हे कळल्यावर अंगावर काटा आला!

तात्पर्य, उठण्यापूर्वी काम जतन करावे व 'लॉग आउट' करावे. नुसती खिडकी बंद केल्याने वही मिटतेच असे नाही. तिजोरीस कुलूप न लावता आम्ही कधी उठलो नाही. पडदा मात्र उघडा टाकून गेलो होतो.