पक्ष्यांची गाणी, पॅरिसचा वाद्यवृंद आणि आपली देवगिरी



मृग नक्षत्र जवळ आलं की आपल्या नांदूरघाटच्या शिवारात पावशा ओरडायला लागतो. जुनी माणसं लगेच म्हणतात, "ऐका, पेरते व्हा, पेरते व्हा म्हणतोय." पावशाला काही मराठी येत नाही. पण शेतकऱ्याने त्याचा चढता आवाज आणि ठेका नीट ऐकला आणि त्यावर आपले शब्द बसवले. पक्ष्याचं गाणं लक्षात ठेवायची ही आपली रीत. युरोपातल्या संगीतकारांनी हेच काम वाद्यांवर केलं. त्याची आज ओळख करून घेऊ. ही गोष्ट पॅरिसहून थेट मराठवाड्यात येते, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

वाद्यवृंद म्हणजे काय?

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की जत्रेतला किंवा गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. पाश्चात्त्य वाद्यवृंद वेगळा असतो. त्यात व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं, बासरी-क्लॅरिनेटसारखी फुंकून वाजवायची वाद्यं आणि तालवाद्यं असतात. प्रत्येकासमोर लिहिलेलं संगीत असतं आणि हातवारे करून सगळ्यांना एकत्र ठेवणारा एक संचालक असतो. आपल्या राज्यात मुंबईच्या एनसीपीएमध्ये 2006 पासून असा 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' आहे.

फ्रेंच संगीतातले पक्षी

फ्रान्समध्ये हा नाद जुना आहे. कूपराँ या संगीतकाराने 1722 मध्येच नाइटिंगेल पक्ष्यावर रचना छापली होती. पुढे 1886 मध्ये सँ-साँस यांनी 'प्राण्यांचा कार्निव्हल' लिहिला. त्यात जंगलातली कोकिळा आहे. क्लॅरिनेट वाजवणारा त्या भागात पुन्हा पुन्हा दोनच सूर वाजवतो! पिंजऱ्यातल्या पाखरांची फडफड मात्र बासरीकडे दिली आहे.

वही घेऊन रानात जाणारा संगीतकार

या सगळ्यांच्या पुढे गेले ते ऑलिव्हिए मेसियाँ (1908–1992). ते पहाटे रानात जायचे आणि पक्ष्यांचं गाणं ऐकता ऐकता वहीत स्वरलिपीत उतरवायचे. पण अडचण होती. पक्षी फार वेगाने आणि फार उंच पट्टीत गातात. शिवाय दोन सुरांमधलं अंतर इतकं बारीक असतं की पियानोवर ते वाजतच नाही. मग त्यांनी वेग कमी केला, पट्टी खाली आणली आणि सुरांमधली अंतरं त्याच प्रमाणात मोठी केली. आपण मुंगी भिंगाखाली धरून बघतो ना, अगदी तसंच!

त्यांची 'वाझो एग्झोतिक', म्हणजे 'परदेशी पक्षी', ही रचना 10 मार्च 1956 रोजी पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजली. पियानो आणि छोटा वाद्यवृंद, त्यात व्हायोलिन एकही नाही. पियानोवर होत्या इव्होन लोरियो. यात चाळीसहून अधिक जातींचे पक्षी आहेत. सुरुवातीलाच ऐकू येते ती भारतातली डोंगरी मैना, आणि पुढे शामाही आहे. शामा म्हणजे आपल्या दयाळ पक्ष्याचा भाऊबंद.

देवगिरीचे ताल

आता खरी गंमत. याच रचनेत पक्षी गात असताना तालवाद्यांवर काही जुने ग्रीक आणि काही भारतीय ताल वाजतात. हे भारतीय ताल आले शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथातून. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात होते. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला! ग्रंथाच्या तालाध्यायात त्यांनी 120 देशी ताल मात्रांच्या हिशोबासह नोंदवले. मेसियाँना ही यादी एका फ्रेंच संगीतकोशात सापडली. त्यांच्या मोठ्या सिम्फनीचं 'तुरंगलीला' हे नावही याच यादीतल्या एका तालाचं. ती 1949 मध्ये अमेरिकेत बोस्टनला पहिल्यांदा वाजली.

'संगीतरत्नाकरा'त सात स्वरांची सात प्राणी-पक्ष्यांशी जोडीही दिली आहे. षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. सातातले चार पक्षी! आणि षड्जवाला मोर ऐकायला लांब जायला नको. आपल्या बीड जिल्ह्यातच पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे.

यातून काय शिकायचं?

शार्ङ्गदेवांनी मात्रा मोजून लिहून ठेवल्या, म्हणून सातशे वर्षांनी पॅरिसमध्ये त्या वाजल्या. नुसतं "आमच्याकडे खूप ताल आहेत" असं म्हणून ते बसले असते, तर आज काही उरलं नसतं. आपल्या आजी-आजोबांना पावशा, टिटवी, होला आवाजावरून कळतात. त्यांच्या बोलांवर म्हणी आहेत, शकुन आहेत. पण ते लिहिलंय कुणी? मुलांना मोबाइलच्या रिंगटोन पाठ असतात, होल्याचा आवाज मात्र ओळखता येत नाही. ही माणसं गेली की तो कोशही गेला.

उपक्रम

1. सकाळी दहा मिनिटं अंगणात किंवा शेतात गप्प बसा. किती वेगवेगळे आवाज आले ते मोजा.
2. एक आवाज निवडा. आखूड सुराला लघूची आणि लांब सुराला गुरूची खूण करा. त्याचा ठेका टाळीवर वाजवा.
3. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, "हा पक्षी काय म्हणतो?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. खाली गाव, महिना आणि वेळ टाका.
4. सगळ्यांच्या नोंदी एका वहीत चिकटवा. वहीवर नाव घाला: 'आमच्या गावचा पक्षीरत्नाकर'.

शिक्षक मित्रांनो, यासाठी ना पियानो लागतो ना वाद्यवृंद. एक वही, एक पेन्सिल आणि शांत बसायची दहा मिनिटं पुरतात. पावशा यायच्या आत वही तयार ठेवा.