मोतीची धाप आणि समुद्राची हवा

परदेशातील काही शहरांत कुत्र्यांना पट्टा सोडून हुंदडता यावे म्हणून राखीव बागा असतात. काही बागांत रानातल्या पायवाटाही असतात. डहाणूजवळच्या नरपडला अशी बाग नाही. पण तेथे सुरूची झाडे आहेत, आणि झाडांतून बाहेर पडले की समोर लांबच लांब वाळू. कुत्र्याला आणखी काय हवे?

गेल्या मे महिन्यात माझा एक विद्यार्थी व त्याचा कुत्रा मोती यांच्याबरोबर मी तेथे गेलो. निघायला उशीर झाला; पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पट्टा सोडताच मोती सुसाट सुटला. पंधरा मिनिटांनी परतला तो जीभ लोंबकळत. आम्ही हसलो. पण सावलीत बसूनही त्याची धाप कमी होईना. तोंडातून चिकट लाळ गळू लागली, उठताना मागचे पाय लटपटले, आणि आमचे हसू मावळले. पोटावर, पायांवर पाणी ओतून, पंचाने वारा घालून आम्ही त्याला सावरले व तसेच पशुवैद्याकडे नेले. वाटेत विद्यार्थ्याने विचारले, "सर, सावली होती, समुद्राचा वारा होता, मग मोती निवला का नाही?"

प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे. आपण तो सोडवू या.

धाप म्हणजे काय?

आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो. त्यामुळे त्याची भिस्त नाक, तोंड व जीभ यांच्या ओल्या पृष्ठभागावर. तेथील पाण्याची वाफ होताना ते शरीरातील उष्णता घेऊन जाते. १ ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते.

समजा, कुत्र्याचे वजन २० किलोग्रॅम आहे. त्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने उतरवायला सुमारे ७०,००० ज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागेल. म्हणजे जवळजवळ ३० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला हवी. पाणी दोन मोठे चमचेच, पण वाफ होण्यासाठी त्यावरून भरपूर हवा खेळली पाहिजे.

येथे एक अडचण येते. वेगाने श्वास घ्यायचा तर स्नायूंना काम पडते, आणि त्या कामाने उलट उष्णताच वाढते. मग फायदा काय? झोका आठवा. त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलला तर एका बोटानेही उंच जातो. यालाच अनुनाद म्हणतात. कुत्र्याच्या छातीलाही अशी स्वाभाविक लय असते. क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने १९६२ साली दाखवले, की कुत्रा मिनिटाला सुमारे ३० श्वासांवरून एकदम ३०० च्या वर उडी घेतो आणि धापेची ही गती छातीच्या स्वाभाविक कंपनसंख्येच्या जवळ असते. म्हणून थोड्या श्रमात पुष्कळ हवा खेळते.

मग नरपडला काय बिघडले?

३८ अंशांना १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४६ ग्रॅम बाष्प मावते. कुत्र्याच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा अशी संपृक्त होते असे धरू. मग बाहेरची हवा जितकी कोरडी, तितके जास्त पाणी ती उचलणार.

दुपार, ३४ अंश, आर्द्रता ३० टक्के (कोरडा प्रदेश): हवेत आधीच ११ ग्रॅम, आणखी ३५ ग्रॅम मावेल.
दुपार, ३४ अंश, आर्द्रता ७० टक्के (किनारा): आधीच २६ ग्रॅम, आणखी २० ग्रॅम.
पहाट, २४ अंश, आर्द्रता ९० टक्के (किनारा): आधीच २० ग्रॅम, आणखी २६ ग्रॅम.

शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. पहाटे आर्द्रतेचा टक्का जास्त, तरी हवेतले प्रत्यक्ष बाष्प कमी! टक्केवारी ही त्या त्या तापमानाला मावणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत असते, हे विसरले की फसगत होते. मोती धापत होता तितकाच, पण दर श्वासाला त्याच्या हाती पडत होते कोरड्या प्रदेशातल्यापेक्षा बरेच कमी. शिवाय अंगावर केस, वर ऊन, खाली तापलेली वाळू. वाऱ्याने आपला घाम वाळतो. मोतीच्या अंगावर वाळण्यासारखे काही नव्हतेच. आम्ही पाणी ओतले तेव्हा ती उणीव भरून निघाली.

म्हणून कुत्र्याला मोकळे सोडायचे ते सूर्य वर येण्यापूर्वी. पिण्याचे गोडे पाणी बरोबर हवे. वाळूवर हाताचा पंजा थोडा वेळ टेकवून पाहावा. आपल्याला सोसवेना तर त्यालाही सोसणार नाही. धाप थांबेना, पाय लटपटले, तर सावली, पाणी, वारा आणि लगेच पशुवैद्य.

करून पाहा

कुत्रा धापत असताना दर धापेला कागदावर पेन्सिलीने एक ठिपका द्या. १० सेकंदांनी ठिपके मोजून ६ ने गुणा. पहाटेचे आणि संध्याकाळचे आकडे सारखे येतात का? धावण्यापूर्वीचे आणि नंतरचे? ३० आणि ३०० यांच्यामधले आकडे क्वचितच का येतात, ते आता तुम्हीच वर्गात सांगा.