भिंतीवरून पानावर

दापोलीत मी नऊ वर्षं भिंती रंगवल्या. आधी रात्री, कुणाला न विचारता. मग दिवसा, मजुरीवर. आता सोळा पानांच्या चित्रकथा काढतो, स्वतःच छापून घेतो, स्वतःच विकतो. या वाटेवर जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

१. भिंतीचा स्वभाव ओळखावा. आमच्याकडे घरं आणि कंपाउंड जांभ्याच्या चिऱ्याची. चिरा पावसाचं पाणी पितो. मे महिन्यात मी काढलेल्या पहिल्या मोठ्या चेहऱ्याच्या गालावर गोकुळाष्टमीपर्यंत पोपडे धरले, हनुवटीवर शेवाळ चढलं. मला रडू आलं होतं. त्यानंतर गिलावा तपासल्याशिवाय ब्रश उचलला नाही. पुढे छापखान्यात गेलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला तो हाच, की या कागदावर काळी शाई पाठीमागे उमटेल का?

२. विचारून काढावं. एका मालकाने माझं चित्र दुसऱ्याच दिवशी चुन्याने पुसलं. भिंत त्याची होती, त्याचं बरोबर होतं. मग मी घरोघर विचारत जाऊ लागलो, आणि विचारायला गेलं की ओटीवर बसवून घेतात, चहा येतो, जुन्या गोष्टी निघतात. हर्णै बंदरात होड्यांपासून किनाऱ्यापर्यंत बैलगाडीतून मासळी आणणाऱ्या एका आजोबांनी अशीच आपली हकिगत सांगितली. माझं पहिलं पुस्तक त्यातूनच झालं.

३. कच्चं काम ज्याचं त्याला दाखवावं. त्या पुस्तकात लिलावाचं एक पान होतं. झेरॉक्स घेऊन हर्णैला गेलो. मासळी विकणाऱ्या एका मावशींनी पान हातात धरलं, बोटावरचं पाणी कागदाला लागलं. म्हणाल्या, "लिलावात एवढं लांबलचक कोण बोलतं रे बाळा? तोवर मासळी जाईल दुसऱ्याकडे." घरी येऊन मी संवादाच्या फुग्यांतली सगळी वाक्यं खोडली. "चारशे", "साडेचारशे", "सोडली", एवढंच ठेवलं. पान जिवंत झालं.

४. देवनागरीला जागा द्यावी. वर वेलांटी-रफार, खाली उकार. इंग्रजी कॉमिकच्या मापाने फुगा आखला की ओळी एकमेकींत घुसतात. माझ्यापुरता नियम केला: आधी अक्षर लिहायचं, मग त्याभोवती फुगा.

५. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं 'भीमायन' हे चित्रकथेचं पुस्तक जरूर पाहावं. बाबासाहेबांच्या लहानपणीची काही वर्षं दापोलीत गेली, म्हणून मी ते कुतूहलाने उघडलं आणि चित्रकार म्हणून त्यात अडकलो. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं लेखन, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची चित्रं. 'नवयाना' प्रकाशनाने २०११ मध्ये काढलं. व्याम दांपत्य परधान गोंड. त्यांची कला मुळात घराच्या भिंतींवरची आणि जमिनीवरची. त्यांनी चौकटीत चित्रं कोंबायला नकार दिला. गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आपण भिंतीवरून आलो याची मला लाज वाटायची. ते पुस्तक पाहिल्यावर ती गेली. आता माझ्या पानांत चौकटींच्या जागी चिऱ्यांचे सांधे असतात.

६. हिशोब. मधे पिन मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात. एकच रंग वापरला तर खर्च आवाक्यात राहतो. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

दापोलीत, खेडला, मंडणगडला कुणी वहीच्या मागच्या पानांवर चित्रकथा काढत असेल, तर प्रकाशकाची वाट पाहू नका. आठ पानं झेरॉक्स करा, पिन मारा, आणि ज्या माणसाची गोष्ट आहे त्याच्या हातात पहिली प्रत द्या.